आरसा गेला, वजन किती गेलं?

डीएसएलआर विकून छोटा मिररलेस घ्यावा का, हे तुम्ही बऱ्याच जणांनी विचारलंय.

डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो, त्याला हलायला जागा लागते. म्हणून कॅननच्या जुन्या ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिलिमीटर मागे. आरसा काढला, की नव्या आरएफमध्ये हेच अंतर २०. बॉडी लहान होते ती यामुळे. माझा ८०डी ७३० ग्रॅमचा, आताचा आर१० फक्त ४२९. घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोचा जिना चढताना खांद्याला फरक कळतो बरं का!

पण भांडुप पंपिंग स्टेशनला फ्लेमिंगो टिपायला जाता, तर गणित बदलतं. लांब लेन्सला आरशाशी देणंघेणं नाही. माझी जुनी ४०० एमएम एफ/५.६ सव्वा किलोची, वर ११० ग्रॅमचा अडॅप्टर. आधी सगळं मिळून १९८० ग्रॅम, आता १७८९. एवढ्यासाठी कोण खर्च करणार? मी केला तो आवाज न करणाऱ्या शटरसाठी. जवळचा खंड्या उडून जात नाही. मात्र त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे फडफडते पंख वाकडे दिसतात. उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल शटरच लावा. आणि स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत बॅटरी खातो, तेव्हा एक जादा खिशात हवीच.