बोटांची वर्दी

पाण्याने भरलेला पेला उचलताना किती बळ लावावे, हे मेंदूला कोण सांगते? डोळ्यांहूनही अधिक, बोटांची त्वचा! बोटांसह एका तळहातात सुमारे १७,००० स्पर्शग्राही तंतू असतात. पेला किंचित निसटू लागताच ते वर्दी देतात आणि आपल्याला भान येण्यापूर्वीच, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, पकड घट्ट होते. १९८४ साली स्वीडनमधील योहान्सन व वेस्टलिंग या शास्त्रज्ञांनी काही जणांची बोटे औषधाने बधिर केली. स्नायू शाबूत होते. परंतु वस्तू गुळगुळीत की खरखरीत, हे ओळखून पकड बदलणे त्यांना साधेना.

कुष्ठरोगात हीच बधिरता रोगामुळे येते. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की अशा रुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत. किल्ली फिरवताना वा अवजार धरताना नकळत अतिबळ लागते, चटका कळत नाही, आणि त्या जखमांनी ती झिजतात. म्हणून, मुलांनो, अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, दवाखान्यात दाखवा. हा रोग आता औषधाने बरा होतो आणि वेळीच उपचार झाल्यास हाताचा स्पर्शही वाचतो.