क्रीमच्या डबीवर काय लिहिले आहे?

बिस्किटांचा पुडा किंवा आइस्क्रीम घेताना आता आपल्या घरांत पाकीट उलटून पाहिले जाते. जिलेटिन कशाचे, चरबी कुठली, हे मुलेही विचारतात. पण चेहऱ्याला लावायच्या क्रीमकडे ही नजर वळत नाही. तिथे पार्लरवालीची शिफारस पुरते, किंवा आखातातून आलेल्या नातलगाची भेट. शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. म्हणून पोटात जाणारे जसे आपण तपासतो, तसेच त्वचेवर लागणारेही तपासले पाहिजे.

हा केवळ शौकाचा प्रश्न नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतील १३ जण गोरे करणारी क्रीम वापरत होते. आपल्या अकोल्यातही एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे अशाच क्रीममुळे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा तिच्यात पारा सापडला.

पारा त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा खरोखरच उजळतो आणि वापरणारीचा विश्वास बसतो. पण हाच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. टॉवेल, उशी आणि हातांवाटे तो घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोहोचतो.

क्रम वाचा, मग टक्का वाचा

भारतातील नियमानुसार सौंदर्यप्रसाधनावर घटकांची यादी द्यावी लागते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात, म्हणजे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात.

यात एक खूण उपयोगी पडते. फिनॉक्सिइथेनॉल हे क्रीम टिकवणारे रसायन साधारणपणे एक टक्क्यापर्यंतच घालतात. डबीवर मोठ्या अक्षरांत ‘केशर’ लिहिले असेल आणि यादीत ते फिनॉक्सिइथेनॉल व सुगंधाच्याही नंतर येत असेल, तर आत केशर नावालाच आहे असे समजावे. पैसे मात्र आपण केशराचे मोजतो. मापात खोट करणाऱ्यांच्या निषेधाने कुरआनची एक सूरत, सूरह मुतफ्फिफीन, सुरू होते. घेणाऱ्यानेही माप पाहायला शिकले पाहिजे.

मात्र जास्त टक्का म्हणजे जास्त गुण, असेही नाही. प्रत्येक घटकाचे माप वेगळे असते. नायसिनामाइड ४-५ टक्क्यांत काम करते. १० टक्क्यांचे घेतले तर नाजूक त्वचेची आग होऊ शकते. मुरुमांसाठीचे सॅलिसिलिक ॲसिड २ टक्क्यांपर्यंत असते. भेगाळलेल्या टाचांना १० टक्के युरियाचे मलम चालते. रेटिनॉल अर्ध्या टक्क्याहून कमी असले तरी परिणाम करते, आणि गरोदरपणात ते टाळायचे असते.

ज्या डब्या परत ठेवायच्या

ज्या डबीवर घटकांची यादी, बॅच क्रमांक, वापराची मुदत, उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक नाही, ती घेऊ नये. परदेशी मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. भेट म्हणून आलेल्या डबीवर हे नसते, पण घटकांची यादी तरी पाहावीच.

नियमानुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडून इतर प्रसाधनांत पाऱ्याचे प्रमाण अनवधानानेही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. यादीत ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरिक’, ‘मर्क्युरस’ असे शब्द दिसले, किंवा ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना दिसली, तर ती पाऱ्याची खूण समजावी. पण पारा घालणारे बहुधा तो लिहीतच नाहीत. म्हणून यादी नसलेली डबी हाच मोठा इशारा. ‘हर्बल’ या शब्दाने हा धोका टळत नाही.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही औषधे आहेत. २०१८ पासून अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ती गोरेपणासाठी लावली जातात. मग त्वचा पातळ होते, लाली येते, चेहऱ्यावर केस वाढतात. ती एकदम बंद केली तर त्रास उसळू शकतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच सोडावीत.

हलालचा प्रश्न

‘अल्कोहोल’ शब्द दिसताच घाबरू नये. सीटिल, स्टिअरिल, सीटिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे पदार्थ आहेत, त्यांनी नशा येत नाही. ‘अल्कोहोल डीनेट’ हे मात्र इथेनॉल असते. ‘कार्माइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ हा लाल रंग किड्यांपासून बनतो. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड वनस्पतींपासूनही मिळते आणि प्राण्यांपासूनही. हिरवा ठिपका असेल तर घटक शाकाहारी आहेत असे समजावे, पण अल्कोहोलबद्दल तो काही सांगत नाही. मूळ स्रोत कंपनीला लिहून विचारावा आणि हुकूम आपल्या आलिमांना विचारावा.

एक गोष्ट विसरू नये. हलालचा शिक्का पारा नसल्याची हमी देत नाही. वस्तू हलाल असावी, तशी ती तय्यबही असावी.

घरात कोणी बिनलेबलची क्रीम वापरत असेल आणि पायांवर सूज, लघवीला फेस असे काही दिसत असेल, तर डबीसह डॉक्टरांकडे जावे. डबी फेकू नये, तपासणीला ती लागते.

ही डबी घरात येते ती बहुतेकदा मुलीच्या निकाहची बोलणी सुरू झाल्यावर. मुलगी पाहायला जाणाऱ्या आयाबहिणींनी रंगाचा विषय काढला नाही, तर कितीतरी घरांत तिची गरजच उरणार नाही, इन्शाअल्लाह.