बीडच्या हॉलमधला समुद्र किती खोल?

२००३ साली ‘फाइंडिंग निमो’ आला आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश सगळ्यांचा लाडका झाला. तो बीडमधल्या आपल्या हॉलमध्ये हवा? मग समुद्र घरीच बनवायचा, कारण खरा समुद्र सरळ रेषेतही सुमारे ३०० किलोमीटर लांब! आरओचं पाणी, सागरी मीठ आणि तळाला वाळू. पण वाळू किती जाड?

फंडा असा. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांचं शेवटी नायट्रेट होतं. वाळूचा थर १० ते १५ सेंटीमीटर असेल, तर तळाशी ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. म्हणजे पाणी कमी बदलायचं. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं; अशा भागात ही ऑफर भलतीच टेम्प्टिंग.

पण जरा थांबा! जाड थर उकरला गेला तर हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. सडक्या अंड्यांचा वास आणि माशांना विष. लाइट जाऊन पंप थांबला, की वाळूतले जिवाणू पाण्यातलाच ऑक्सिजन ओढत राहतात. शिवाय ३ बाय दीड फुटांच्या टाकीत १२ सेंटीमीटर थर म्हणजे सुमारे ७५ किलो वाळू. ४ सेंटीमीटरला २५ किलो पुरते.

तेव्हा पहिल्या टाकीला ३ ते ५ सेंटीमीटरच बेस्ट. दर आठवड्याला पाणी बदलताना सायफनने वाळू थोडी थोडी साफ करा. सात-आठ सेंटीमीटरचा मधला मार्ग नको. तो धड साफ होत नाही आणि नायट्रेटही धड कमी करत नाही. गेवराईकडची गोदावरीची वाळूही नको. अ‍ॅरागोनाइट घ्या; ते कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र मस्ट.

आता खरा हिशेब. १८० लिटरच्या टाकीत आठवड्याला १० टक्के म्हणजे १८ लिटर पाणी बदलायचं. आरओमधून वाया जाणारं पाणी वेगळंच. ते फरशी पुसायला वापरता येईल. पण टाकीतून काढलेलं खारं पाणी कुंडीत ओतलं तर झाड जळेल. एवढं पाणी मे महिन्यातही परवडेल का, हे टाकी घेण्याआधी ठरवा. उत्तर ‘नाही’ असेल तर सरळ गोड्या पाण्याची टाकी लावा. तिचं पाणी निदान तुळशीला तरी घालता येईल!