एटीएममधला टेलर

गेल्या दिवाळीत पुतणीला घेऊन दांडिया बाजारात पैसे काढायला गेलो होतो. ती दहा वर्षांची. नोटा बाहेर येईपर्यंत तिने विचारलं, "काका, एटीएम म्हणजे ऑटोमेटेड टेलर मशीन ना? मग आत दरजी कशाला?" वडोदऱ्यात वाढलेल्या मुलांच्या तोंडी शिंप्याच्या आधी दरजी येतो, त्याला इलाज नाही. मी हसलो आणि मग गप्प झालो. शिंपी नाही हे नक्की. पण 'टेल' म्हणजे सांगणे, तर हे यंत्र कुठे काय सांगतं? ते मुकाट्याने नोटा मोजून देतं.

घरी येऊन शब्दकोश पाहिला. मोजणं हाच या क्रियापदाचा जुना अर्थ निघाला! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'टेल्लन' म्हणजे मोजणे, हिशोब करणे; आणि एकामागून एक घटना क्रमाने मांडणे, म्हणजेच सांगणे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये देव अब्राहमला आकाशातले तारे मोजायला सांगतो, तिथे 'टेल' हेच क्रियापद आहे. पुढे मोजण्यासाठी 'काउंट' रुळला आणि 'टेल'कडे सांगणं उरलं. जुना अर्थ मात्र कोपऱ्याकोपऱ्यात टिकून आहे. बँकेत रोकड मोजणारा तो टेलर. लंडनच्या संसदेत मतं मोजणाऱ्या खासदारांनाही आजवर टेलरच म्हणतात. 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळे मिळून. आणि 'अनटोल्ड वेल्थ' म्हणजे कुणाला न सांगितलेली संपत्ती असं मी इतकी वर्षं समजत होतो, ती खरं तर मोजता न येणारी संपत्ती.

बरं, हे एकट्या इंग्रजीचं नाही. जर्मनमध्ये 'त्सेलन' म्हणजे मोजणे, 'एर्त्सेलन' म्हणजे गोष्ट सांगणे. पोर्तुगीज 'कोंतार'चे तर दोन्ही अर्थ होतात. गोव्यातल्या जुन्या पिढीला हे सांगायला नको. फ्रेंचमध्ये मोजण्याचं आणि गोष्ट सांगण्याचं क्रियापद लिहितात वेगळं, पण उच्चार एकच, 'काँते'. दोन्ही ज्या लॅटिन शब्दातून आले, त्यातूनच कम्प्युटर आला. बारा वर्षं ज्या यंत्रासमोर बसून पोट भरतोय, त्याचं आणि गोष्टीचं मूळ एकच आहे, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

आणि आपल्याकडे? संख्या आणि आख्यान हे दोन शब्द शेजारी लिहून पाहा. दोन्हींत संस्कृतचा 'ख्या' धातू आहे. 'सम्' लागला की मोजणी, 'आ' लागला की कथन. कीर्तनाच्या उत्तररंगातलं आख्यान आणि गणिताच्या वहीतली संख्या सख्ख्या बहिणी आहेत.

हे सगळं पुतणीला सांगत होतो, तर ती म्हणाली, "म्हणजे अण्णा पणजोबा टेलर होते!"

होतेच. माझे आजोबा एका बँकेत तीस वर्षं रोकड खिडकीवर होते. शंभर नोटांची गड्डी मोजताना मध्ये कुणी बोललं, की ते पुन्हा एकपासून सुरू करत. गोष्टही तशीच सांगत. एकही पायरी गाळायची नाही, मध्ये अडवलं की पहिल्यापासून. त्यांची एक ठरलेली गोष्ट होती, १९७४ सालची. संध्याकाळी खिडकी बंद केली तेव्हा शंभर रुपये कमी भरले. तूट पगारातून जाणार. तीन-चार वर्षांपूर्वी ते ही गोष्ट सांगायला लागले आणि मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणालो, "अण्णा, माहीत आहे, दुसऱ्या दिवशी नोट मिळाली." ते "हो का" म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कुठलीच गोष्ट सांगितली नाही.

इंग्रजी शिकताना एक चूक हमखास व्हायची, 'आय सेड हिम'. मास्तर दुरुस्त करायचे, 'आय टोल्ड हिम'. 'से'ला समोर माणूस नसला तरी चालतं. 'टेल'ला सहसा कुणाला सांगितलं ते लागतंच. हा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता.

पुतणी अण्णांच्या खाटेवर जाऊन बसली. "पणजोबा, तुम्ही एटीएम होता?" अण्णा आता सत्त्याऐंशीचे. त्यांनी आधी मला पाहिलं. मी फोन उलटा ठेवला. "१९७४ साल," त्यांनी सुरुवात केली. रोकड वहीपर्यंत आले आणि अडखळले. पुन्हा १९७४. पुन्हा तिथेच अडले. आम्ही कुणी बोललो नाही. तिसऱ्या वेळी ते पुढे गेले.

नोट मिळाली होती, पण वहीत किंवा खणात नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी पादऱ्याहून एक म्हातारी बसने आली. अंगठा उठवून पैसे काढणारी बाई. तिने पदराची गाठ सोडली आणि शंभराची नोट खिडकीतून आत सरकवली. म्हणाली, "भाई, काल तुम्ही एक जास्त मोजलीत."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

"मग?" पुतणीने विचारलं.

"मग काय, तिच्या परतीच्या बसचं तिकीट मी काढलं," अण्णा म्हणाले. "आणि घरी येऊन तुझ्या पणजीला सांगितलं."