हस्त सरताना मिरचीचं बी

मृगाचा पाऊस लागला की परसात बी टाकायचं, ही कोकणातली जुनी सवय. काकडी, पडवळ, दोडक्याला ती मानवते. त्याच दिवशी टाकलेल्या मिरचीला मात्र नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. आठवडाभराची झड लागली की मिरचीचं कोवळं रोप जमिनीलगत सडतं आणि आडवं पडतं. पिथियमसारख्या बुरशीचं हे काम. अशा रोपाला कोणतंही खत उठवू शकत नाही.

म्हणून परसातल्या मिरचीसाठी माझं मत ठाम आहे: बी हस्त सरताना, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाकावं. यामागे फुलांचं गणित आहे. दिवसा पारा ३५ अंशांपलीकडे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की मिरचीची फुलं गळतात. महाडचा मार्च-एप्रिल नेमका तसा असतो. हस्तात पेरलेलं रोप नोव्हेंबरात लावलं तर डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत फुलतं आणि फळ धरतं.

थंड देशांत फेब्रुवारीत घरात, विजेवर तापणाऱ्या गादीवर ट्रे ठेवून मिरची रुजवतात. आपल्याला त्याची गरज नाही. २५ ते ३० अंशांत बी आठवड्याभरात उगवतं. १५ अंशांत तेच तीन आठवड्यांहून जास्त घेतं. ऑक्टोबरातली आपली ओटी पुरेशी उबदार असते.

खरी मेहनत मातीची. भातासाठी राब भाजणाऱ्या घरांना तापलेल्या मातीचं मोल सांगायला नको: तण मरतं, कीड-रोग कमी होतात. परसापुरतं तेच काम मे महिन्यात ऊन करतं. माती ओलवून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार-सहा आठवडे तापू द्यावी आणि पावसाळाभर कोरडी साठवावी. तिच्यात चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. अर्धकच्चं शेण घातलं तर बुरशीला आमंत्रण. बी रुजवायला दह्याचा डबा, करवंटी, काहीही चालतं. तळाला भोकं हवीत. बी अर्धा सेंटिमीटर खोल, विरळ पेरावं, वर भाताचा पेंढा अंथरावा आणि पहिला कोंब दिसताच पेंढा काढावा. पाणी झारीनं, सकाळी. मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा नाही.

जात निवडताना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण कीर्ती' किंवा जुनी 'पुसा ज्वाला' घ्यावी. बाजारातल्या संकरित मिरचीचं बी धरलं तर पुढची रोपं आईसारखी निघत नाहीत.

पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर झालं की संध्याकाळी लावावं, दोन रोपांत दीड-दोन फूट ठेवून. वांगी-टोमॅटो होते ती जागा टाळावी; कूळ एकच, रोगही तेच. पुढे गाठ पडते ती बोकड्याशी. पानं वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, हे ओळखलं की निम्मं काम झालं. सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूनं फवारावा. विषाणूनं खुरटलेलं झाड मात्र उपटून टाकावं, मन घट्ट करून.

बियाण्यासाठी निरोगी झाडाची पूर्ण लाल झालेली मिरची राखावी. मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात, म्हणून शेजारी दुसऱ्या जातीची मिरची असेल तर बी मिसळतं. मिरची सावलीत सुकवून बी काढावं आणि कोरड्या बाटलीत ठेवावं. दोनेक वर्षं ते चांगलं उगवतं. पावसाळी दमटपणा लागला तर त्याआधीच जातं.