योगशिक्षकाची कसोटी : स्वतः आसन करणे वेगळे, शिकविणे वेगळे

सकाळी सहाच्या ठोक्याला सोसायटीच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात. पंधरा-वीस माणसे जमतात. कुणाचा रक्तदाब वाढलेला, कुणाचे गुडघे दुखणारे, कुणाच्या मणक्याची चकती सरकलेली, तर कुणी नुकतेच हर्नियाच्या शस्त्रक्रियेतून उठलेले. समोर उभी असलेली व्यक्ती सांगेल त्याप्रमाणे ही सारी मंडळी वाकतात, वळतात, श्वास रोखतात. या व्यक्तीला शिकविण्याचा अधिकार कोणी दिला, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

भारतात योगवर्ग चालविण्यासाठी वैद्यकीय व्यावसायिकाप्रमाणे कायद्याने सक्तीचा परवाना लागत नाही. वर्ग आज सुरू केला तरी कोणी अडविणार नाही. म्हणूनच ‘प्रमाणित योगशिक्षक’ या शब्दांमागे नेमके काय असते, प्रशिक्षण कसे होते आणि परीक्षा कशाची घेतली जाते, हे शिकणाऱ्याने आणि शिकवू इच्छिणाऱ्याने, दोघांनीही समजून घेणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्राची परंपरा

गुरूच्या घरी राहून विद्या घेण्याच्या परंपरेला अभ्यासक्रमाचे रूप देण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली, ही संस्था आज सांताक्रूझ येथे आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ उभारले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू झाले. पुढे तेथील महाविद्यालयातून पदविकाधारक योगशिक्षकांच्या पिढ्या तयार झाल्या. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था १९७५ पासून कार्यरत आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक पदविका अभ्यासक्रमही चालत आला आहे.

या प्रत्येक ठिकाणची शिस्त निराळी. अय्यंगार पद्धतीत शिक्षक होण्याची इच्छा असणाऱ्याने आधी काही वर्षे प्रमाणित शिक्षकाकडे विद्यार्थी म्हणून नियमित अभ्यास करावा, त्यानंतर शिकविण्याचे धडे घ्यावेत आणि मगच मूल्यमापनाला सामोरे जावे, असा दंडक आहे. शिक्षक होण्याची घाई तेथे चालत नाही.

सरकारी प्रमाणपत्र

संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून जाहीर केला. योगशिक्षकांची मागणी वाढली आणि त्याबरोबरच दर्जाचा प्रश्नही पुढे आला. २०१५ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत योगव्यावसायिकांसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना सुरू झाली. २०१८ मध्ये आयुष मंत्रालयाच्या छत्राखाली योग प्रमाणन मंडळ स्थापन झाले.

मंडळाने शिक्षकांच्या चढत्या श्रेणी ठरविल्या आहेत. ‘योग प्रोटोकॉल प्रशिक्षक’ या श्रेणीसाठीचा अभ्यासक्रम २०० तासांचा, ‘योग वेलनेस प्रशिक्षक’ श्रेणीचा ४०० तासांचा, तर ‘योगशिक्षक व मूल्यमापक’ श्रेणीचा ८०० तासांचा आहे. ‘योग मास्टर’ ही श्रेणी त्याहून वरची. पहिल्या श्रेणीतील व्यक्तीकडून मुख्यतः योगदिनी केला जाणारा सामाईक योगक्रम निर्दोषपणे करवून घेण्याची अपेक्षा असते. ताडासन, वृक्षासन, वक्रासन, भुजंगासन, सेतुबंधासन, शवासन, त्यानंतर कपालभाती, नाडीशोधन, शीतली, भ्रामरी आणि ध्यान असा हा साधारण पाऊण तासाचा क्रम आहे. आजारी व्यक्तीवर योगोपचार करणे हा स्वतंत्र प्रांत मानला असून त्यासाठी योगचिकित्सकाच्या वेगळ्या श्रेणी आहेत.

या योजनेतील महत्त्वाची बाब म्हणजे प्रशिक्षण आणि परीक्षा यांची फारकत. अनेक वर्षे स्वतःच्या साधनेतून किंवा एखाद्या मंडळाच्या विनामूल्य वर्गातून शिकलेल्या व्यक्तीलाही थेट परीक्षेला बसण्याची वाट खुली ठेवण्यात आली आहे. ज्याने शिकविले त्यानेच उत्तीर्ण करावे, या पद्धतीतील दोष त्यामुळे काही अंशी टळतो.

परीक्षेत काय पाहतात?

परीक्षेचे दोन भाग असतात : लेखी आणि प्रात्यक्षिक. लेखी भागात योगाच्या विविध परंपरा, पतंजलींची अष्टांगयोगाची मांडणी, हठयोगातील ग्रंथांचा परिचय, शरीररचना आणि आहारविचार यांवर प्रश्न येतात. अधिक वजन अर्थातच प्रात्यक्षिकाला. त्यात शुद्धिक्रिया, सूर्यनमस्कार, आसने, प्राणायाम, मुद्रा-बंध आणि ध्यान यांचा समावेश होतो.

उमेदवारांची खरी दमछाक होते ती अध्यापनकौशल्याच्या टप्प्यावर. एखादे आसन दिले जाते आणि ते समोरच्या गटाला शिकवून दाखवावे लागते. आसनाचे नाव व त्याचा अर्थ सांगणे, पूर्वस्थिती, आसनात जाण्याचे व त्यातून बाहेर येण्याचे टप्पे, प्रत्येक टप्प्यावरील श्वासाची सूचना, लाभ, मर्यादा आणि ज्याला पूर्ण आसन जमत नाही त्याच्यासाठी सोपा पर्याय, हे सारे क्रमाने आले पाहिजे. लवचीक शरीराचा उमेदवार अवघड आसन सहज करून दाखवितो. परंतु समोरच्याचा गुडघा जमिनीला टेकत नसेल तर काय करावे, हे त्याला सांगता आले नाही तर तो उत्तम साधक ठरेल, शिक्षक नव्हे.

निषेधांचे ज्ञान हा तर या परीक्षेचा गाभाच म्हणावा लागेल. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्या व्यक्तीला शीर्षासनासारखी डोके खाली करण्याची आसने देऊ नयेत. हृदयविकार, हर्निया किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तसेच गर्भारपणात, कपालभाती टाळावी. मणक्याची चकती सरकली असेल तर पुढे वाकण्याच्या आसनांचा आग्रह धरू नये. हे केवळ पाठांतराचे मुद्दे नव्हेत. सकाळच्या त्या सभागृहातील एखाद्याची मान किंवा डोळा या ज्ञानावर अवलंबून असतो.

महिनाभराचे अभ्यासक्रम

ऋषिकेश आणि गोव्यात परदेशी पाहुण्यांसाठी २०० तासांचे निवासी अभ्यासक्रम मोठ्या प्रमाणावर चालतात. अनेक ठिकाणी ते महिन्याभरात पूर्ण होतात. त्यांच्या जाहिरातींत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील ‘योगा अलायन्स’ या संस्थेचे नाव ठळकपणे असते. ही खासगी ना-नफा संस्था असून ती शाळांची आणि शिक्षकांची नोंदणी करते. विद्यार्थ्याचे मूल्यमापन त्याची शाळाच करते. परदेशात वर्ग घ्यायचे असतील तर या नोंदणीचा उपयोग होतो. मात्र ती भारत सरकारची मान्यता नव्हे. महाविद्यालयात अध्यापन करावयाचे असेल तर मार्ग आणखी वेगळा. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागते, आणि ‘नेट’ परीक्षेत योग हा विषय २०१७ पासून उपलब्ध आहे.

त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी इच्छुकाने काही प्रश्न विचारावेत. प्रमाणपत्र कोणाच्या नावाने मिळणार? ते कोठे ग्राह्य धरले जाते? परीक्षक संस्थेचे आहेत की बाहेरचे? प्रत्यक्ष वर्ग घेण्याचा सराव किती तास? आणि त्या वर्गात चाळिशी-साठीची, दुखणी असलेली माणसे असतात की केवळ तरुण सहाध्यायी? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले जात असेल तर पुन्हा विचार करणे श्रेयस्कर.

वर्गाला जाणाऱ्यांनाही शिक्षकाची पारख करता येते. पहिल्या दिवशी प्रकृतीची चौकशी करणारा, न जमणाऱ्याला पर्याय देणारा, औषधे बंद करण्याचा सल्ला न देणारा आणि ‘हे माझ्या अधिकाराबाहेरचे आहे, डॉक्टरांना विचारा’ असे मोकळेपणाने सांगणारा शिक्षक हा भिंतीवरील चौकटीपेक्षा अधिक भरवशाचा. प्रमाणपत्राने किमान पात्रतेची हमी मिळते. त्यापुढची परीक्षा रोज सकाळी सहा वाजता होत असते आणि तिचे परीक्षक सतरंजीवर बसलेले असतात.