रोझेलची मावशी

मुलांनो, तुम्ही कधी दुसऱ्याच्या घरी राहिला आहात का?

सुट्टीत मामाकडे जाता, ते मी विचारत नाही. तिथं लाड होतात, आंबे असतात आणि परत यायचा दिवस ठरलेला असतो. मी विचारतेय ते शिकण्यासाठी परक्या घरी राहण्याबद्दल. तिथं आपली आई नसते, आपलं अंथरूण नसतं आणि दिवाळीच्या सुट्टीला अजून चार-साडेचार महिने असतात!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कर्जत तालुक्यातल्या एका वाडीजवळच्या शाळेत शिकवत होते. आमची शाळा सातवीपर्यंत. सातवी झाली की पुढं कुठं, हा दर वर्षीचा प्रश्न. त्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी आठवीसाठी कर्जतला गेली. तिच्या वडिलांच्या ओळखीतल्या एका काका-काकूंनी तिला घरी ठेवून घेतलं होतं. माणसं चांगली. नवं दप्तर घेऊन, केसांना तेल लावून पोरगी ऐटीत गेली. आणि बाराव्या दिवशी, भर पावसात, शाळेच्या पडवीत येऊन उभी राहिली.

"बाई, मी नाही जायची परत."

"का गं? कोणी मारलं?"

"नाही."

"रागावलं? जेवायला देत नाहीत?"

"देतात."

"मग झालं काय?"

बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिथं मला काहीच कळत नाही बाई."

हळूहळू एकेक बाहेर आलं. आंघोळ काकांच्या आधी करायची की नंतर, कळत नाही. ताट घासून ठेवायचं की नुसतं विसळायचं, कळत नाही. मोठ्यानं हसलं तर चालतं का, कळत नाही. घरी ती टोपल्यातली भाकरी हातानं घेऊन खायची. इथं पोळ्या मोजून करतात, मग तिसरी मागायची कशी? म्हणून ती दोनवरच उठायची. बारा दिवस पोरगी अर्धपोटी होती, आणि घरातल्या कोणालाही ते ठाऊक नव्हतं.

मला चटकन उत्तर सुचेना. मग मी तिला आपल्या शेजारच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

कल्याणची यमुना

आपल्या कर्जतहून लोकलमध्ये बसलं की भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी करत तास-सव्वा तासात कल्याण येतं. त्या कल्याणच्या जोशींची ही लेक. नाव यमुना, जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा वीस वर्षांनी मोठा, टपाल खात्यात नोकरीला. त्यांचं नाव गोपाळराव जोशी. लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली. गोपाळरावांच्या बदल्या होत. काही काळ ही दोघं आपल्या जिल्ह्याच्या अलिबागलाही होती. बायकोनं शिकलंच पाहिजे, असा गोपाळरावांचा हट्ट. स्वभाव मात्र भारी तापट.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरांपुढे जायला संकोचत आणि बाई डॉक्टर तर मिळतच नसे. आपणच डॉक्टर व्हायचं, हे तिच्या मनात पक्कं होत गेलं.

पण शिकायचं कुठं? गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं एक पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल नावाच्या छोट्या गावी राहणाऱ्या थिओडोशिया कारपेंटर नावाच्या बाई एकदा दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर येईपर्यंत त्यांनी तिथलं मासिक चाळलं आणि ते पत्र वाचलं. त्यांनी सरळ हिंदुस्थानात पत्र टाकलं. ओळख नाही, देख नाही! मग दोघींची पत्रं सुरू झाली. आनंदीची तब्येत नाजूक म्हणून कारपेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, तरी आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला आनंदीनं भरसभेत इंग्रजीतून भाषण केलं. मी अमेरिकेला का जाते, एकटी का जाते, हे तिनं लोकांना सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असंही बजावलं. वडिलांनी दिलेले सोन्याचे दागिने तिनं प्रवासासाठी विकले. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीत बसली. गोपाळराव सोबत नव्हते. वय वर्षं अठरा. जवळजवळ दोन महिने समुद्र. ४ जून १८८३ रोजी बोट न्यूयॉर्कला लागली आणि धक्क्यावर कारपेंटर मावशी उभ्या होत्या!

विजेच्या गावात

आता डोळ्यांपुढं आणा. ते घर लाकडी की दगडी, ते राहू द्या. त्या घरात मराठीचा एक शब्द कळणारं कोणी नव्हतं. आनंदी पूर्ण शाकाहारी, आणि तिथं रोजच्या जेवणात मांस. घरी पत्र टाकलं तर उत्तर यायला कित्येक आठवडे. आणि गाव कसलं, तर थेट विजेचं! १९ जानेवारी १८८३ रोजी एडिसननं खांबांवरून तारा नेऊन अख्ख्या गावाला वीज द्यायची व्यवस्था जगात पहिल्यांदा सुरू केली, ती याच रोझेलमध्ये. आनंदी पोचली तेव्हा त्याला पाच महिनेही झाले नव्हते. जिच्या माहेरी तेलाचे दिवे, ती एकदम त्या झगमगाटात.

तिलाही काहीच कळलं नसेल का हो? नक्कीच नसेल. ताटात काय घ्यायचं, काय बाजूला सारायचं, नको म्हटलं तर यजमानांना राग येईल का, हे सगळे प्रश्न तिच्यापुढंही आले असणार.

पण ती काय करत गेली ते पाहा. शाकाहार सोडला नाही आणि मावशींनी तो सोडायला लावला नाही. साडी सोडली नाही. मात्र आपल्याकडच्या नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात, आणि त्या काळच्या अमेरिकेत बायकांचे पाय दिसणं असभ्य मानत. शिवाय थंडी. तेव्हा ती गुजराती पद्धतीनं, पाय झाकतील अशी साडी नेसू लागली. साडी आपली, नेसण्याची तऱ्हा बदललेली. काय धरून ठेवायचं आणि काय थोडं सैल सोडायचं, हे या अठरा वर्षांच्या मुलीनं नीट ठरवलं होतं.

आणि एक गोष्ट तिनं मुळीच लांबणीवर टाकली नाही. पोचून चोवीस दिवस झाले होते. २८ जूनला रोझेलहून तिनं फिलाडेल्फियाच्या मुलींच्या मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं. आपलं वय किती, आपल्याला काय काय येतं, हे साधेपणानं सांगितलं. प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी बसत नसेन, पण आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून इथवर आले, त्याचा विचार करा, अशा अर्थाचं तिनं लिहिलं. रडगाणं नाही, मिजास नाही. कॉलेजनं प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली.

धुराची खोली

खरी परीक्षा पुढं होती. शरद ऋतूत ती फिलाडेल्फियाला गेली. आता मावशी जवळ नव्हत्या. कॉलेजनं दिलेल्या जागेतली शेकोटी धड पेटत नसे, असं तिच्या चरित्रात वाचायला मिळतं. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवली तर हाडं गोठवणारी थंडी. घरून येणारी सगळीच पत्रं धीर देणारी नसत. गोपाळरावांची काही पत्रं चांगलीच टोचणारी होती. तब्येत ढासळू लागली.

मुलांनो, शिकायला नुसती बुद्धी पुरत नाही. ऊब लागते, पोटभर जेवण लागतं आणि 'बाळ, आज गप्प का?' असं विचारणारं माणूस लागतं. रोझेलला हे सगळं होतं. सुदैवानं कॉलेजच्या प्रमुख डॉ. रॅचेल बॉडली यांनीही तिला माया लावली. कारपेंटरांचं घर तर तिला कायमचं उघडं होतं.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. एका बाजूला साडी नेसलेली आपली आनंदी, मध्ये किमोनोतली जपानची केई ओकामी आणि पलीकडे आपल्या पोशाखातली सीरियाची सबात इस्लामबुली. तिघी तीन देशांच्या, तिघी डॉक्टर व्हायला आलेल्या. मिळाला तर जरूर बघा.

११ मार्च १८८६ रोजी आनंदी डॉक्टर झाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यातली जागाही ठरली. पण क्षयानं तिला पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, ती पुण्यात गेली. एकाही रुग्णाला तिला त्या दवाखान्यात तपासता आलं नाही.

आता शेवटची गोष्ट ऐका. गोपाळरावांनी तिच्या अस्थी कारपेंटर मावशींकडे पाठवल्या. त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथं तिच्या नावाचा दगड आहे. शिकायला आलेली पाहुणी त्या घरची लेक झाली, ती अशी.

रात्री दहाचं जेवण

आजही जगभर शाळा-कॉलेजातली मुलं अशीच दुसऱ्या देशातल्या कुटुंबात राहून शिकतात. महायुद्धांत जखमींना गाडीतून नेणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका अमेरिकन संस्थेनं १९४७ पासून अशी मुलांची अदलाबदल सुरू केली. एकमेकांच्या घरी जेवलेली माणसं एकमेकांशी लढणार नाहीत, अशी त्यामागची आशा.

समजा, तुमच्यापैकी कोणी उद्या स्पेनला गेलं. तिथं दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ-दहाला. साडेसातला जेवणारं आपलं मूल पहिला आठवडा पोटात कावळे घेऊन बसणार! भेटल्यावर गालाला गाल लावून स्वागत करतात, तेव्हा आपण कानशिलापर्यंत लाल होणार. 'तोर्तिया' म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, हे कळेपर्यंत शाकाहारी मूल घोटाळ्यात पडणार. यातली एकही अडचण मोठी नाही. पण पहिल्या दिवसांत अशा बारक्या अडचणीच रडवतात. उपाय एकच. तोंड उघडून विचारायचं. "मला भूक लागलीय, काही खाऊ का?" हे वाक्य आधी शिकायचं, बाकीचं व्याकरण मागाहून.

काकड आणि शेवळं

मग माझ्या विद्यार्थिनीचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन कर्जतला गेले. तिच्या आईनं सोबत शेवळांची जुडी आणि मूठभर काकडं बांधून दिली होती. पावसाच्या सुरुवातीला आपल्या डोंगरात शेवळं उगवतात, ठाऊकच आहे तुम्हाला. काकूंना मी पोळीची गोष्ट सांगितली. त्या मटकन खालीच बसल्या. "अगं बाई! मला वाटायचं, हिला आमचं जेवण आवडत नाही. म्हणून मी आग्रह करायचे नाही."

बघा! इकडे हिला मागायची लाज, तिकडे त्यांना वाढायचा संकोच. दोघीही चांगल्या आणि मधे पोरगी उपाशी.

मग काकूंनी जुडी उचलली आणि म्हणाल्या, "ही भाजी मी एकदा केली होती, घसा असा खाजला की पुन्हा नाव काढलं नाही."

तेव्हा आमची पोरगी पहिल्यांदा बोलली. "काकू, काकडं घातली नसतील तुम्ही. काकडांचा रस घातला की खाज जाते. थांबा, मी दाखवते."

आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून ती ओट्यापाशी उभी राहिली. त्या घरात बारा दिवस तिला काही कळत नव्हतं. पण काकूंना न कळणारं काहीतरी तिला कळत होतं! त्या दिवशी ती तीन पोळ्या जेवली. मी मोजल्या.

पुढं ती त्याच घरातून दहावी झाली.

मुलांनो, तुमच्यातले काही जण उद्या खोपोलीला, पनवेलला, पुण्याला जातील. एखाद-दुसरा साता समुद्रापार जाईल. जाताना आनंदीची आठवण ठेवा. पण बहुतेकांची पाळी आधी येईल ती कारपेंटर मावशींची. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा कर्जतच्या, खालापूरच्या वर्गांत कुठल्या तरी वाडीवरून एक नवं मूल येईल. शेवटच्या बाकावर बसेल. डबा झाकून खाईल. त्याला काही कळत नसेल आणि ते विचारणारही नाही.

तुम्ही विचाराल ना?